जुन्या ट्रकच्या डिस्क बदलताना

ऊस वाहतुकीला लावलेल्या जुन्या टाटा १६१३ चे मागचे टायर गाळप हंगामाआधी उतरवले, तेव्हा दोन डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चाकांच्या, लॉक रिंगच्या (टायर अडवून धरणाऱ्या सुट्या कड्याच्या) खाचेत केसासारखी बारीक भेग दिसली आणि त्यांपैकी एकीच्या नटाच्या भोकापासून गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला होता. असा ओघळ म्हणजे नट सैल राहून डिस्क हबवर (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर आवळतात तो भाग) घासत असल्याची किंवा भोकाभोवती पत्रा तडकू लागल्याची खूण असते. नावातले १६ हे एकूण वजनाचे टन आणि १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. मागच्या चार टायरांच्या अ‍ॅक्सलला कित्येक वर्षे १०.२ टनांची मर्यादा होती, म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला अडीच टन. उसाची गाडी प्रत्यक्षात किती भरली जाते हे ठाऊक असणाऱ्यांना या भेगांचे आश्चर्य वाटणार नाही. भेगेवर वेल्डिंग मारून हंगाम काढण्याचा सल्ला मिळाला, पण वेल्डिंगच्या कडेचा पत्रा तापून बिघडतो आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते, म्हणून दोन्ही डिस्क बदलायचे ठरवले.

या गाडीच्या डिस्क २० इंची, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कमधली रबरी पट्टी) आणि वेगळ्या लॉक रिंगच्या आहेत. अलीकडच्या गाड्यांना २२.५ इंची ट्यूबलेस डिस्क येतात आणि त्याच बसवून टाका, असेही काही जण सुचवतात. १०.००-२० आणि ११आर२२.५ या टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा असल्याने सूचना अगदीच चुकीची नाही. मात्र टायरची कड ज्या उतारावर बसते तो जुन्या डिस्कला ५ अंशांचा आणि ट्यूबलेसला १५ अंशांचा असतो, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. बदल करायचा तर सहाही चाके आणि स्टेपनी, टायरांसकट, एकदम बदलावी लागतात. गाडीच्या उरलेल्या आयुष्याकडे पाहता तो खर्च मला पटला नाही.

डिस्क शोधताना मॉडेलचे नाव सांगून भागत नाही, कारण जुन्या गाडीचा हब मधल्या काळात कोणत्या मालकाने कशाचा बसवला असेल याचा भरवसा नसतो. त्यासाठी आपल्या हबची मापे घेऊनच बाजारात जावे. जड गाड्यांत ८ भोकांचे २७५ मि.मी. आणि १० भोकांचे ३३५ मि.मी. व्यासाचे, नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ नेहमी भेटते. मधले मोठे भोक अनुक्रमे २२१ आणि २८१ मि.मी. असते. भोकांची संख्या सम असेल तर एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला की वर्तुळाचा व्यास थेट मिळतो. त्यानंतर नटाची बैठक पाहावी. जुन्या गाड्यांत बहुधा निमुळता नट भोकाच्या उतरत्या कडेत बसून डिस्क मध्यावर आणतो, तर नव्या पद्धतीत डिस्क हबच्या गोल खांद्यावर बसते आणि नट सपाट असतो. सपाट बैठकीच्या डिस्कवर निमुळता नट आवळला तर तो कडेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि भरल्या गाडीखाली ढिला पडतो.

दुकानदार सहसा विचारत नाहीत ते माप म्हणजे ऑफसेट, अर्थात रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पत्र्यापर्यंतचे अंतर. जोडचाकांच्या डिस्क पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून दोन टायरांच्या मध्यरेषांतले अंतर या मापाच्या दुप्पट येते, १०.००-२० साठी ते सुमारे ३२० मि.मी. लागते. ते कमी पडले तर रिकाम्या गाडीत काही कळत नाही, पण वजन आले की टायर खाली फुगून एकमेकांना घासतात आणि तापतात. कळंबोलीच्या एका दुकानात मी हे माप घेऊ लागलो तेव्हा विक्रेता म्हणाला, “मालक, बसतेय ना हबवर? मग अजून काय पाहिजे?” त्याच्याकडची डिस्क खरोखरच बसली असती, पण ऑफसेट २० मि.मी.ने कमी होता.

मागच्या अ‍ॅक्सलला जुनी डिस्क चालू शकते, पुढच्या अ‍ॅक्सलला मात्र मी नवीनच घेईन, कारण तिथे सोबतीला दुसरे चाक नसते. जुनी डिस्क घेताना नुकताच मारलेला जाड रंग दिसला की तारेचा ब्रश मागावा आणि खाच, हातभोके (पत्र्यातली हात जाईल अशी मोठी भोके) व नटांची भोके खरवडून पाहावीत. विक्रेत्याने नकार दिला तर पुढचे दुकान गाठावे. लॉक रिंग त्याच डिस्कची, त्याच बनावटीची हवी. ढिगातून उचललेली रिंग खाचेत बसल्यासारखी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. हवा शंभर पौंडांच्या आसपास गेली की त्या रिंगवर काही टनांचा रेटा असतो आणि ती सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरावी. पिंजरा नसेल तर किमान साखळी गुंडाळून रिंग जमिनीकडे करावी, थोड्या हवेवर थांबून ती सगळीकडे बसली का ते पाहावे, आणि हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर हातोडा कधीही मारू नये. याच कारणाने, भेग असलेले चाक उतरवताना नटाला पाना लावण्याआधी दोन्ही जोडचाकांची हवा पूर्ण सोडावी लागते.

चढवताना हबचा आणि डिस्कचा टेकणारा भाग आम्ही घासून साफ केला आणि तिथला जाड रंग काढला, कारण तो थर पुढे दबतो आणि तेवढाच नट सैल होतो. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या हातभोकातून दिसेल अशी मांडणी केली, नाहीतर हवा तपासायला दर वेळी बाहेरचे चाक काढावे लागते. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले आणि शेवटी ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना लावला. पान्याला पाइप अडकवून त्यावर उभे राहण्याने काही स्टड (नट ज्यांवर आवळतात ते हबचे बोल्ट) ताणले जातात तर काही सैलच राहतात. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी स्टड पाहून घ्यावा. भरलेली गाडी पहिले ५० ते १०० किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासावे लागतात, आणि त्या वेळी ते थोडे फिरलेच.

तडकलेल्या दोन्ही डिस्क भंगारात देण्यापूर्वी गॅसने कापून घेतल्या. भंगारवाल्याने अख्ख्या डिस्कचे जास्त पैसे देऊ केले होते, पण त्यांवर रंग चढून त्या पुन्हा कुठल्या दुकानात टांगल्या जाणार हे उघड होते.