तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या गळ्यातलं पेंटॅकल

नाही, ते सैतानाचं चिन्ह नाही. आधी हेच लिहून टाकते, कारण मंडळाच्या गणपतीत प्रसाद घेताना असो, ऑफिसात चहा करताना असो की घरच्या लग्नात, प्रश्न तिथूनच सुरू होतो. वर्तुळात पाच टोकांची चांदणी दिसली की लोकांचा आवाज खाली येतो. "हे ते... तसलं काही नाही ना?" मग मी हसून विषय बदलायचे. आता बदलत नाही, सगळं सांगते, मग पटो न पटो. मी विक्का पाळते, म्हणजे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला एक निसर्गपूजक (पेगन) धर्म, आणि पेंटॅकल हे त्याचं चिन्ह.

तुम्ही सिनेमात बघता ते चिन्ह म्हणजे उलटी चांदणी आणि आत बोकडाचं तोंड. १८५० च्या दशकात एलिफास लेवी नावाच्या फ्रेंच लेखकानं मांडलं की एक टोक वर असलं तर शुभ आणि दोन टोकं वर आली की ती बोकडाची शिंगं. पुढे १९६६ मध्ये अँटन लावेनं सॅन फ्रान्सिस्कोत चर्च ऑफ सेटन काढलं, त्यांनी ते बोकडवालं चिन्ह घेतलं आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या चांदण्यांवर तोच शिक्का बसला. त्याच्या कितीतरी आधी ही चांदणी ख्रिस्ती लोकांचीच होती, चौदाव्या शतकातल्या एका इंग्लिश काव्यात सर गवेनच्या ढालीवर ती आहे आणि कवी तिच्या पाच टोकांत ख्रिस्ताच्या पाच जखमासुद्धा मोजतो. इथेच थांबले तर माझी बाजू एकदम स्वच्छ दिसेल, पण अर्धवट सांगायचा मला कंटाळा आलाय. विक्का ज्यानं लोकांसमोर आणला त्या जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात आणि दुसऱ्या पायरीची खूण उलटी चांदणीच आहे. बोकड नाही, सैतान नाही, विक्कात सैतान मुळात नाहीच. पण उलटी आहे. म्हणजे "सरळ ती आमची, उलटी ती त्यांची" हे जे पेगन लोक पाहुण्यांना घाईघाईनं सांगतात तेही खरं नाही.

गळ्यातलं लॉकेट तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही लॉकेटबद्दल विचारता. पण खरं पेंटॅकल ही एक तबकडी असते, वेदीवर ठेवायची. माझी तांब्याची आहे, ताम्हनापेक्षा लहान, मी स्वतः खिळा आणि हातोडी घेऊन ठोकून केलेली, आणि पाच रेघांपैकी एक रेघ टोकाला जुळत नाही. ती पृथ्वीतत्त्वाची वस्तू. आमच्यात पृथ्वीची दिशा उत्तर, म्हणून उत्तरेला तोंड करून बसायचं, तबकडीवर चिमूटभर मीठ ठेवायचं, बोथट सुरीचं टोक त्याला लावून ते शुद्ध करायचं, मग ते पाण्यात. नंतर पाव किंवा केकही त्याच तबकडीवर ठेवून वाटायचा. गार्डनर सांगायचा की पूर्वी पेंटॅकल मेणाचं करत, चेटूक शोधत कुणी दारावर आलं तर लगेच मोडता यावं म्हणून. ऑक्टोबरच्या शेवटी साविन येतो, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस, त्या रात्री आम्ही सफरचंद कापतो, देठापासून खाली नाही, मधोमध आडवं. आत बियांच्या घरांची पाच पाकळ्यांची चांदणी निघते, प्रत्येक घरात काळ्या बिया, आणि ओलसर पांढऱ्या गरावर ती इतकी रेखीव असते की दरवर्षी बघूनही मी सुरी हातात तशीच धरून बसते. अर्धं आपण खायचं, अर्धं बाहेर मातीत. एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाही.

पाच टोकं म्हणजे माती, हवा, अग्नी, पाणी आणि वरचं टोक चैतन्य. हे ऐकलं की आपल्याकडचा माणूस लगेच सुटकेचा श्वास सोडतो, "अगं मग पंचमहाभूतंच की!" मी स्वतः कित्येक वर्षं हेच सांगून वेळ मारून नेली. मावशीला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, सगळ्या खूश, आपलंच तिकडे गेलं म्हणून. आता नाही सांगत. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, मग पाणी, मग पृथ्वी असा क्रम आहे, सूक्ष्मातून स्थूलाकडे उतरत येणारा. पेंटॅकलमध्ये कुणी कुणापासून होत नाही, एकच रेघ हात न उचलता पाचांमधून फिरून परत सुरुवातीला येते. दोन वेगळे विचार आहेत आणि मला दुसरा हवा होता म्हणून मी इथे आले. पण लगेच स्वतःशीच भांडण होतं, कारण थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या लोकांनी इकडून आकाश हा शब्द उचलून पश्चिमेत नेला आणि आज विक्काच्या कितीतरी पुस्तकांत पाचव्या तत्त्वाला सरळ आकाशच म्हणतात. म्हणजे मावशी अगदीच चुकीची नव्हती. असो, हे माझ्या डोक्यात सुटलेलं नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. माझे बाबा शहाद्याला शिक्षक होते आणि अंनिसचे कार्यकर्ते. आमच्या घरात देव्हारा होता तो आईचा. बाबा सुट्टीच्या दिवशी धडगावकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर जायचे, कारण तिथे बायकांना डाकीण ठरवत होते. कुणाचं पोर तापानं गेलं, कुणाची म्हैस मेली, भगताकडे जायचं, भगत नाव घेणार, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या विधवेचं, जिच्या नावावर थोडी जमीन आहे. अशी एक बाई काही दिवस आमच्या ओसरीवर राहिली होती. तिचं घर पेटवलं होतं आणि पोलीस, नातेवाईक यांचं काही ठरेपर्यंत बाबांनी तिला घरी आणलं होतं. मी लहान होते, मला तिच्या हातातल्या चांदीच्या जाड कड्यांचं आकर्षण, मी सारखी जवळ जायचे. आणि मी आले की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. जेवत असली तर ताट घेऊन फिरायची. मला वाटायचं मी तिला आवडत नाही. आईनं नंतर सांगितलं की तिची नजर लागून पोर मेलं असा आळ होता, म्हणून ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं स्वतःही ते धरलं असावं, किंवा धरलं नसेल पण मला काही झालं तर काय, ही भीती असेल. मी तिचा चेहरा नीट कधी बघितलाच नाही.

खूप वर्षांनी, लग्न होऊन इंग्लंडला स्थायिक झाल्यावर, मी सुट्टीत घरी गेले आणि बाबांनी गळ्यातलं पेंटॅकल बघितलं. माझी तयारी होती. मी त्यांना सांगितलं की हा धर्म जुना नाही, १९५१ मध्ये ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरनं उघडपणे लिहिलं, पैसे घेत नाही, कुणाला बरं करतो म्हणत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुमच्यातले लोक स्वतःला विच म्हणवतात?" मी म्हटलं, हो, बरेच जण, अभिमानानं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "ओसरीवरच्या त्या बाईला विचारायला पाहिजे होतं, तिला चालेल का." मला इतका राग आला. मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही मुद्दाम करताय, मी कुणावर आळ घेतलाय का. ते म्हणाले, "नाही. तू तो शब्द फुकट वापरतेयस." आणि पुढे एवढंच विचारलं, "यानं होतं काय?" दुसऱ्या दिवशी पाड्यावर बायकांची बैठक होती, त्यांनी मला चल म्हटलं आणि दारातून निघताना, "ते आत घाल." मी कुर्त्याच्या आत घातलं. दिवसभर ते तिथे टोचत होतं आणि दिवसभर मी मनात त्यांच्याशी भांडत होते.

परत आल्यावर मी इथल्या आमच्या ग्रुपमध्ये हे बोलले. एक मैत्रीण म्हणाली, आपल्याच आज्यांना जाळलं होतं ना, म्हणून तर आपण तो शब्द परत घेतो. तिचं दुःख खरं होतं. पण मुद्दा खरा नव्हता. इंग्लंडमध्ये चेटकीण ठरवलेल्या बायकांना बहुतेक फासावर दिलं, जाळलं नाही; नव्वद लाख मारल्याचा जो आकडा फिरतो तो निव्वळ खोटा, इतिहासकार संपूर्ण युरोपात साधारण चाळीस ते साठ हजार म्हणतात; आणि त्या बायका पेगन नव्हत्या, चर्चला जाणाऱ्या, शेजाऱ्यांनी नाव घेतलेल्या साध्या बायका होत्या. रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकारानं हे केव्हाच दाखवलंय, विक्का विसाव्या शतकात घडला, मधे अखंड परंपरा वगैरे नाही. म्हणजे त्या बायका आमच्या पूर्वज नाहीत. त्यांची बहीण कुणी असेल तर ती धडगावची बाई. त्या दिवसापासून मी स्वतःला विच म्हणत नाही. यावरून ग्रुपमध्ये थोडी कटुता आली ती आजही आहे.

मग पेंटॅकल तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल, आणि इथे मात्र मी मागे हटत नाही. पॅट्रिक स्ट्युअर्ट नावाचा नेवाडाचा सार्जंट सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं तेव्हा गेला. तो विक्कन होता. अमेरिकन सरकारकडे सैनिकांच्या स्मारकावर कोरायच्या मान्य धर्मचिन्हांची मोठी यादी होती, त्यात निरीश्वरवाद्यांचंही चिन्ह होतं, पेंटॅकल नव्हतं. त्याची पत्नी रॉबर्टा आणि इतर विक्कन लोकांना भांडावं लागलं, कोर्टात जावं लागलं, तेव्हा एप्रिल २००७ मध्ये तडजोड होऊन ते यादीत आलं. देशासाठी मेलेल्या माणसाच्या नावावर चांदणी कोरायला एवढं भांडण. आणि मला लोक सांगतात, हौस असेल तर घरात घाल. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ७४ हजार लोकांनी पेगन आणि १३ हजारांनी विक्का असं स्वतः लिहिलं, ते सगळे काय हौस म्हणून?

बाबा आता फोनवर तब्येतीचं बोलतात आणि मधेच विचारतात, "अजून घालतेस का?" हो म्हटलं की "बरं." त्यांचा तो "होतं काय" अजून तसाच आहे. मी सांगू शकते ते इतकंच की तबकडीवर मीठ ठेवते तेव्हा त्या मिठाकडे मी बघते. एरवी भाजीत टाकताना नाही बघत. हे उत्तर त्यांना पुरणार नाही, प्रयोगात टिकणारं नाही, आणि काही दिवस मलाही पुरत नाही, तेव्हा मी नुसती तबकडी पुसून परत ठेवते.

मुलीला घालायला देणार का, हेही हल्ली विचारायला लागलात. ती मागतेय. द्यायला माझी हरकत नाही, पण आधी तिला ओसरीवरच्या बाईचं सांगणार, आणि शक्यतो आजोबांच्या तोंडून, म्हणून या दिवाळीत शहाद्याला जातोय. बाबांना अजून सांगितलेलं नाही की कशासाठी.