सातव्या पटावरचा राजा

बुद्धिबळाच्या पंचाचं काम तसं कोरडंच. घड्याळं लावायची, नियम सांगायचे, कुजबुजणाऱ्यांना गप्प करायचं. पण ब्लाइंडफोल्ड खेळाचं प्रात्यक्षिक असलं की चाली पुकारायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. डोळ्यांवर पट्टी वगैरे नसते. खेळाडू पटांकडे पाठ करून बसतो, इतकंच. मी म्हणायचं, "पट चार, घोडा एफ-सहा." तो आपली चाल सांगतो, ती मी पटावर करतो. त्याच्यापाशी ना कागद, ना पेन्सिल.

त्या दिवशी समोर बारा पट होते. बघणाऱ्यांना वाटतं, शेवटी शेवटी डोकं शिणतं तेव्हा अवघड जात असेल. खरी कसोटी सुरुवातीलाच असते, कारण तेव्हा सगळे डाव जुळ्या भावंडांसारखे दिसतात. म्हणून या ग्रँडमास्टरने पटांचे गट पाडले होते: पहिल्या चारांवर राजापुढचं प्यादं, पुढच्या चारांवर वजिरापुढचं, उरलेल्यांवर आणखी काही. एकदा डावांना आपापलं वळण लागलं की ते आपोआप वेगळे होतात.

डाव मध्यावर आले आणि सातव्या पटावर गंमत झाली. प्रतिस्पर्ध्याने किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवले; मी पुकारला. खुर्चीतून आवाज आला, "नाही करता येणार. त्यांचा राजा मघाशी शहातून सुटायला एफ-आठवर गेला होता, मग परत आला." पटावर तर सगळं जागच्या जागी: राजा आपल्या घरात, हत्ती कोपऱ्यात, मधली घरं मोकळी. आजूबाजूचे सगळे पटाकडेच बघत होते, पण कुणालाही संशय आला नव्हता. डावाची नोंद काढली. राजा गेला होता आणि आलाही होता, आणि एकदा हललेल्या राजाला किल्लेकोट करता येत नाही. नियमाप्रमाणे मी त्या गृहस्थांना म्हटलं, "राजाला हात लावलाय, आता राजाचीच दुसरी चाल करा." ते नाराज झाले, पण इलाज नव्हता.

मध्यंतरात ग्रँडमास्टरला विचारलं, हे लक्षात कसं राहतं? म्हणाला, "मला पट दिसत नाही हो. डाव इथवर कसा आला, ते आठवतं." मग लगेच, "माझे बाराच आहेत. नायडॉर्फचे पंचेचाळीस होते."

आमच्याकडे 'नायडॉर्फ' रोज दहादा कानावर पडतं. सिसिलियन बचाव नावाच्या सुरुवातीत पाचव्या चालीला काळ्याने ए-सहावर प्यादं सरकवलं की झाला नायडॉर्फ. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. मिगेल नायडॉर्फ १९१० साली वॉर्साजवळ एका ज्यू घरात जन्मला. १९३९ मध्ये पोलंडच्या संघातून बुद्धिबळ ऑलिंपियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेला, अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला गेला. संघ बोटीने गेले होते. स्पर्धा चालू असतानाच, १ सप्टेंबरला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. इंग्लंडचा संघ अर्ध्यातून परतला. पोलंड-जर्मनी सामना खेळलाच गेला नाही, दोन-दोन बरोबरी लिहून टाकली. पंच म्हणून मी या नोंदीपाशी नेहमी थबकतो. मला तरी दुसरं काय सुचलं असतं? अखेर जर्मनी पहिला आला आणि पोलंड दुसरा. दुसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण नायडॉर्फचं होतं, पण ते घेऊन जायला घर उरलं नव्हतं. तो अर्जेंटिनातच राहिला. बायको, मुलगी, आईवडील, भाऊ सगळे पोलंडमध्ये.

१९४३ मध्ये रोसारिओला त्याने न बघता चाळीस पट खेळले आणि जानेवारी १९४७ मध्ये साओ पावलोला पंचेचाळीस. जवळजवळ साडेतेवीस तास. एकोणचाळीस जिंकले, चार बरोबरीत, दोन हरले. लोक हे विक्रम म्हणून सांगतात. तो स्वतः सांगायचा की एवढं मोठं काही केलं तर बातमी जगभर छापून येईल, आणि घरचं कुणी जिवंत असेल तर त्याला कळेल की मी इथे आहे. पुकारे करणारा म्हणून मला त्या साडेतेवीस तासांतला चाली सांगणारा आवाजही ऐकू येतो. बारा पटांनी माझा घसा बसतो.

उत्तर आलं नाही. घरचे सगळे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात गेले होते.

पुढचं आयुष्य ऐकलं तर हाच तो माणूस का, असं वाटावं. विम्याच्या धंद्यात चांगला पैसा केला. १९५० मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, त्या सत्तावीस जणांत तो होता. त्याच्या अर्जेंटिनाने १९५०, ५२ आणि ५४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपियाडमध्ये रौप्य मिळवलं. १९७० मध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात, साठीला टेकलेला असताना, माजी जगज्जेत्या तालशी दोन-दोन असा बरोबरीत सुटला. शिवाय गप्पिष्ट! स्वतःचा डाव चालू असताना उठून दिसेल त्याला विचारायचा, "माझी बाजू कशी वाटते?" माझ्या सभागृहात असतं तर दुसऱ्यांदा विचारल्यावर मी ताकीद दिली असती. पहिल्यांदा कदाचित ऐकलंच नसतं.

मध्यंतर संपलं. सातव्या पटावरचा राजा उघड्यावरच अडकला होता. दहाएक चालींत मात झाली.