हरवलेल्या उकारांचा शोध : नोंद सातवी

माझ्या किल्ल्यांच्या भटकंतीच्या जुन्या नोंदींतला मराठी मजकूर संगणकावर बिघडला आहे आणि तो पूर्ववत करण्याच्या प्रयत्नांविषयी मी येथे लिहीत आहे. मूळ बाइटच, म्हणजे संगणक अक्षरे ज्या अंकांत साठवतो तेच, नष्ट झालेले असल्यामुळे ऱ्हस्व उकार कोणता आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) कोणता हे आता केवळ अंदाजाने ठरवावे लागेल, असे मी मागील नोंदीच्या शेवटी लिहिले होते. ते विधान आज मागे घेते. रविवारी मुल्हेर किल्ल्याच्या नोंदीचा हेक्स डंप, म्हणजे बाइटांची अंकांत छापलेली यादी, ओळीने वाचत असताना त्याच मजकुरात, दुवा देणाऱ्या यूआरएल टॅगच्या पोटात, मूळ बाइटांची धडधाकट नक्कल सापडली. ती आजवर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे केवळ पत्ता म्हणून पाहत होते. त्या शोधाकडे येण्याआधी अडचण पुन्हा नेमकी मांडणे भाग आहे, कारण मागील नोंदीतली माझी एक समजूतही चुकीची निघाली. हेक्स अंक, म्हणजे सोळाच्या पायावरचे अंक, नेहमीप्रमाणे नागरीत लिहिते, म्हणजे शून्य ते नऊ आणि त्यापुढे ए ते एफ.

माझ्या किल्ल्यांच्या भटकंतीच्या नोंदी बीबीकोडमध्ये, म्हणजे चौकटी कंसांतले टॅग वापरणाऱ्या पद्धतीत, असून मूळ मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत होता. मध्यंतरी एका स्थलांतरात कोणत्या तरी प्रोग्रॅमने ते बाइट विंडोज-१२५२ या एकबाइटी सारणीतले (जिच्यात एका बाइटाला एक अक्षर असते) समजून वाचले आणि जे वाचले ते पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले. टॅगांना काहीही झाले नाही, कारण ठळक अक्षरांचा टॅग उघडणारे ५बी ६२ ५डी आणि तो बंद करणारे ५बी २एफ ६२ ५डी हे सर्व बाइट ८० च्या खालचे आहेत आणि त्या पट्ट्यात दोन्ही पद्धतींचे एकमत आहे. देवनागरी अक्षर मात्र तीन बाइटांचे असते आणि त्या तिन्ही बाइटांची वेगवेगळी अक्षरे झाली. उदाहरणार्थ, ‘दुर्ग’ हा शब्द मुळात ई० ए४ ए६, ई० ए५ ८१, ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई० ए४ ९७ असा पंधरा बाइटांचा आहे. बिघाडानंतर त्यातील द हे सी३ ए० सी२ ए४ सी२ ए६ असे सहा बाइटांचे झाले, तर ग हे सी३ ए० सी२ ए४ ई२ ८० ९४ असे सात बाइटांचे झाले, कारण विंडोज-१२५२ मध्ये ९७ या घरात लांब आडवी रेघ बसलेली आहे. एवढेच घडले असते तर उलट क्रमाने रूपांतर करून सर्व मजकूर परत मिळाला असता.

खरा घात त्या सारणीतल्या पाच रिकाम्या घरांनी केला. ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना विंडोज-१२५२ मध्ये कोणतेच अक्षर नेमून दिलेले नाही. ब्राउझर ज्या नियमाने चालतात त्या नियमाने तो प्रोग्रॅम चालला असता, तर ही पाच घरे नियंत्रण-चिन्हे म्हणून जशीच्या तशी पुढे गेली असती आणि आज सी२ ८१ व सी२ ८डी अशा रूपात ओळखता आली असती. माझ्या मजकुरात त्या प्रत्येक ठिकाणी ईएफ बीएफ बीडी, म्हणजे काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाचे बदली चिन्ह, बसलेले आहे. आता मराठीचे दुर्दैव पाहा. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे आणि हलन्ताचा ८डी. मराठी लेखनातली अत्यंत वारंवार येणारी ही दोन चिन्हे एकाच साच्यात गेली. दोन्हींच्या जागी सी३ ए० सी२ ए५ ईएफ बीएफ बीडी एवढेच उरले. त्यामुळे ‘दुर्ग’ या शब्दाचे तेहतीस बाइट माझ्यासमोर आहेत, परंतु त्यातून दुर्ग, द्रुग, दुरुग आणि एक न उच्चारता येणारा चौथा शब्द, असे चार पाठ सारख्याच हक्काने निघतात. ए, ऐ, झ, ऍ आणि चंद्रबिंदू यांचाही असाच एक गठ्ठा झाला आहे, मात्र त्यांची फारशी चिंता नाही, कारण त्यांपैकी ज्याच्या पुढे काना किंवा मात्रा येते ते झ असणार हे उघड आहे आणि शब्दारंभी क च्या आधी आले तर बहुतेक वेळा ते ए असते.

आता चुकीची दुरुस्ती. ठ देखील नाहीसा होतो, तेव्हा रिकामी घरे पाच नसून सहा असावीत, असे मी मागे म्हटले होते. पठार, ठाकरवाडी, कोठार असे सगळेच शब्द मोडलेले दिसत होते, म्हणून ती शंका आली. प्रत्यक्षात ठ चा शेवटचा बाइट ए० आहे आणि सारणीत त्या घरात न तुटणारी मोकळी जागा व्यवस्थित नांदते आहे. दोष माझ्याच साफसफाईच्या पायरीत होता. टॅगांच्या आजूबाजूला चिकटलेल्या न तुटणाऱ्या जागा काढण्यासाठी मी सी२ ए० दिसेल तेथे २० घालत होते आणि ही पायरी उलट रूपांतराच्या आधी चालत होती. बिघडलेल्या ठ चे बाइट सी३ ए० सी२ ए४ सी२ ए० असे असल्याने त्याची शेपटी माझ्याच हाताने कापली जात होती. सुदैवाने मूळ डंपाची प्रत मी स्वतंत्र ठेवली होती. साफसफाई आता सर्वांत शेवटी चालते आणि सर्व ठ परत आले आहेत. ‘पठार’ हा शब्द पडद्यावर पुन्हा सलग दिसला तेव्हा मला झालेला आनंद, ज्यांनी बाइटांशी अशी झुंज दिली आहे त्यांना वेगळा सांगायला नको.

साधनांविषयी थोडे लिहिते, कारण शोध लागण्याशी त्यांचा थेट संबंध आहे. हेक्स डंप काढणारे एक्सएक्सडी हे माझे आवडते साधन आहे, परंतु ते एका ओळीत सोळा बाइट छापते आणि सोळाला तीनने भाग जात नाही, त्यामुळे देवनागरी अक्षर ओळीच्या काठावर हमखास दुभंगते. स्तंभसंख्या पंधरा केली तरी मध्ये एखादी मोकळी जागा किंवा टॅग आला की गणित बिघडते. हेक्सडंप ही आज्ञा कोणताही पर्याय न देता चालवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण ती बाइटांच्या जोड्या करून छापते आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर प्रत्येक जोडीतले बाइट उलटे दिसतात, म्हणजे ई० ए४ ऐवजी ए४ई० वाचावे लागते. या दोन्ही त्रासांना कंटाळून मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती ५बी दिसला की नवी ओळ सुरू करते, ५डी दिसला की ती संपवते आणि टॅगांच्या मधला मजकूर एका ओळीत एक अक्षर अशा पद्धतीने मांडते. पायथॉन ३.८ पासून बाइटमालेच्या हेक्स रूपात मध्ये मोकळी जागा घालण्याची सोय आहे, त्यामुळे स्क्रिप्ट चाळीस ओळींतच आटोपली. टॅग स्वतःच्या ओळीवर आल्यामुळे ते पहिल्यांदा माझ्या नजरेत भरले.

मुल्हेरच्या नोंदीत एक यूआरएल टॅग होता आणि त्यातला दुवा मराठी विकिपीडियाचा होता. त्या ओळीत २५ ४५ ३० २५ ४१ ३४ अशी लय पुन्हा पुन्हा येत होती. २५ म्हणजे टक्केचिन्ह, ४५ म्हणजे रोमन ई, ३० म्हणजे शून्य, ४१ म्हणजे ए, ३४ म्हणजे चार. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मग लक्षात आले की हे ई० ए४ आहे. पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नाहीत, म्हणून प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व त्यापुढे दोन हेक्स अंक असा लिहितात. ही पद्धत जुनीच आहे आणि जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ती सविस्तर नोंदवलेली आहे. या रूपात एकेका देवनागरी अक्षराला नऊ बाइट लागतात, पण ते नऊही ८० च्या खालचे असतात. विंडोज-१२५२ ची पाच रिकामी घरे त्यांना स्पर्शही करू शकली नव्हती. म्हणजे जो मजकूर मी हेक्समध्ये पाहण्याची धडपड करत होते, त्याच मजकुरात कोणी तरी आधीच हेक्स लिहून ठेवले होते आणि नेमके तेच सुरक्षित राहिले होते. टक्केचिन्हे काढून उरलेले अंक उलगडल्यावर म च्या पुढे ई० ए५ ८१ आणि ल च्या पुढे ई० ए५ ८डी असे स्वच्छ बाइट मिळाले, आणि मुल्हेरचा उकार व हलन्त कोणत्याही अंदाजाशिवाय आपापल्या जागी परत बसले.

त्यानंतर सर्व नोंदींतून असे पत्ते गोळा करण्याचे काम हाती घेतले. पहिल्या फेरीत अपेक्षेपेक्षा बरेच कमी पत्ते मिळाले. काही ठिकाणी हेक्स अंकांतली रोमन अक्षरे लहान लिपीत होती, म्हणजे ४५ च्या जागी ६५ आणि ४१ च्या जागी ६१, हे त्याचे कारण निघाले. दोन्ही रूपे धरून शोध घेतल्यावर किल्ले, गावे, नद्या आणि ऐतिहासिक व्यक्ती यांच्या नावांची चांगली यादी तयार झाली. छायाचित्रांच्या टॅगांतूनही भर पडली, कारण त्या काळी मी फाइलींना मराठी नावे देत असे. एका पत्त्यातून मिळालेला शब्द ज्या ज्या नोंदीत मोडक्या रूपात आहे, तेथे सर्वत्र तो भरता येतो. आकडे आणि विशेषनामे हा कोणत्याही शब्दसूचीचा सर्वांत कच्चा भाग असतो आणि नेमकी विशेषनामेच पत्त्यांमधून मिळाली, ही मोठी जमेची बाजू आहे.

उरलेल्या शब्दांसाठी नियम लागतीलच, पण आता त्या नियमांची परीक्षा घेण्यासाठी खात्रीची सूची हाताशी आहे. बदली चिन्हापुढे अनुस्वार असेल तर तो उकारच, कारण हलन्तावर अनुस्वार येत नाही. कुंभ आणि मुंबई यामुळे लगेच सुटतात. पुढे स्वतंत्र स्वर असेल, जसा ‘सुई’ मध्ये आहे, तरीही उकारच. शब्दाच्या शेवटी बदली चिन्ह असेल तर मराठी शुद्धलेखन उपयोगी पडते. अंत्य उकार दीर्घ लिहायचा असल्याने तेथे ऱ्हस्व उकार क्वचित येतो आणि पायमोडके अक्षरही आपण सहसा टाळतो, तेव्हा ‘परंतु’ सारखी मोजकी अव्यये सोडली तर तेथे काही उरतच नाही. हा परिच्छेद लिहिताना आणखी एक नियम सुचला आहे. अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ असतो, म्हणून शेवटच्या मोकळ्या व्यंजनाच्या आधी बदली चिन्ह आले तर प्रथम हलन्त धरावा. मार्ग, वर्ग आणि दुर्ग मधला दुसरा खड्डा यामुळे भरतो. तत्सम शब्द हा नियम पाळत नाहीत, कारण तेथे गुण, तरुण, मधुर असे ऱ्हस्व उपान्त्य चालतात, म्हणून त्यांची अपवादसूची हवी.

काही जोड्या मात्र कोणत्याही नियमाला दाद देत नाहीत. पुराण आणि प्राण, वरुण आणि वर्ण, करुण आणि कर्ण, सुवर्ण आणि स्वर्ण, पुरती आणि प्रती, यांतील दोन्ही शब्द खरे आहेत आणि बिघाडानंतर दोन्हींचे बाइट तंतोतंत सारखे आहेत. अशा जागी स्क्रिप्टने निर्णय घेऊ नये, असे मी ठरवले आहे. ती तेथे दोन्ही पाठ छापून थांबते आणि वाक्य वाचून मी निवड करते. यंत्राने गुपचूप चुकीचा शब्द भरण्यापेक्षा खड्डा दिसत राहिलेला चांगला.

आणखी एक गाठ सुटली. दुसर्‍या, येणार्‍या अशा शब्दांतला अर्धा र मी पूर्वी र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे, स्वतः न दिसणारे चिन्ह) अशा तीन चिन्हांनी टंकत असे. त्या जोडकाचे बाइट ई२ ८० ८डी आहेत, तर उजव्या दुहेरी अवतरणचिन्हाचे ई२ ८० ९डी. दोन्हींचे शेवटचे बाइट रिकाम्या घरांतले असल्याने दोन्ही आता सी३ ए२ ई२ ८२ एसी ईएफ बीएफ बीडी असे एकसारखे दिसतात. अनेक नोंदींत अवतरणे मधेच उघडी राहिल्यासारखी का वाटत होती, ते यामुळे उलगडले, कारण डाव्या चिन्हाचा शेवटचा बाइट ९सी असल्याने ते शाबूत राहिले होते. निवाडा सोपा आहे. आधी र आणि बदली चिन्ह व नंतर य किंवा ह असेल तर जोडक, अन्यथा अवतरणचिन्ह. शिवाय जेथे जोडक सिद्ध होतो, तेथे त्याच्या आधीचे बदली चिन्ह हलन्तच आहे हेही सिद्ध होते, म्हणजे एका निवाड्यात दोन खड्डे भरतात.

पुढील आठवड्यात उपान्त्य उकाराचा नियम स्क्रिप्टमध्ये घालण्याचा बेत होता. तो आता लांबणीवर टाकते, कारण पत्त्यांमध्ये जे घडले तेच अन्यत्रही घडलेले असू शकते. यांपैकी कित्येक नोंदी मी त्या वेळी सोबतच्या भटक्यांना ईमेलनेही पाठवल्या होत्या. मराठी मजकुराचे ईमेल बहुधा बेस६४ मध्ये (बाइट साध्या रोमन अक्षरांत व अंकांत लिहिण्याची पद्धत) किंवा बरोबरचे चिन्ह (=) व दोन हेक्स अंक या पद्धतीने साठवलेले असते आणि या दोन्ही रूपांत ८० च्या वरचा एकही बाइट नसतो. जुन्या संगणकावरून उतरवलेली पाठवलेल्या पत्रांची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात ३डी ४५ ३० ३डी ४१ ३४ ही मालिका आधी शोधणार आहे, आणि ती न मिळाल्यास बेस६४ चे तुकडे एकेक करून उलगडणार आहे.