कोरियन बोलींची नोंदवही: सापाच्या नावापासून ‘ना’ आणि ‘नो’पर्यंत

कोरियन बोलींच्या अभ्यासाला मला आता आठ महिने झाले. मूळ आवड झाडावर चढणाऱ्या सापांची. कोरियातला ‘गुरॉंगी’ हा जवळजवळ दोन मीटरपर्यंत वाढणारा साप पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खाण्यासाठी झाडावर चढतो. त्याच्याविषयी वाचताना लक्षात आले, की प्रमाण भाषेत सापाला ‘बॅम’ म्हणतात, चुंगचॉंग आणि जॉल्ला प्रांतांतल्या जुन्या बोलण्यात ‘बिआम’ ऐकू येते, तर जेजू बेटावर तोच ‘बेयॉम’ होतो. ‘बिआम’ हे ‘बॅम’चे ओढूनताणून लांबवलेले रूप असावे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उलटे आहे. पंधराव्या शतकातल्या कोरियनमध्ये हा शब्द दोन अक्षरांचाच होता. आखडला तो प्रमाण भाषेत.

या शोधानंतर मी शब्द गोळा करणे थांबवून दक्षिणपूर्वेकडील ग्यॉंगसांग बोलीच्या क्रियापदांकडे वळले, आणि खरी प्रगती तिथेच झाली. कोरियनमध्ये ‘म्वो’ म्हणजे ‘काय’ आणि ‘काहीतरी’ही, त्यामुळे सोलमध्ये, म्हणजे प्रमाण भाषेत, ‘म्वो मॉगॉ?’ या वाक्याचे दोन अर्थ केवळ स्वरावरून वेगळे करावे लागतात. ग्यॉंगसांगमध्ये मात्र हा भेद प्रत्ययातच आहे: ‘म्वो मुंग्ना?’ म्हणजे काही खातेस का, आणि ‘म्वो मुंग्नो?’ म्हणजे काय खातेस. आपण ‘कुठे निघालीस?’ आणि ‘कुठे निघालीयेस का?’ यांत जो फरक करतो, तोच तिथे ‘नो’ आणि ‘ना’ करतात, हे उमगले तेव्हा मला फार आनंद झाला.

नियम कळला, तरी तो जिभेवर बसायला वेळ लागला. ग्यॉंगसांगमधल्या देगू शहरातली माझी मैत्रीण व्हिडिओ कॉलवर जेवत असताना मी तिला ‘म्वो मुंग्ना?’ असे विचारले. ती ‘हो’ म्हणाली आणि शांतपणे जेवत राहिली. मी तिच्या ताटात काय आहे हे ऐकण्याची वाट पाहत होते. तिने मात्र मी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले होते. त्या दिवसापासून रोज वीस वाक्ये मी दोन्ही प्रत्ययांनी म्हणते, आणि गेल्या महिन्यापासून ऐकताना माझी चूक जवळजवळ होत नाही. बोलताना अजून होते.

आघात, म्हणजे शब्दातला सुराचा चढउतार, हे प्रकरण अवघड आहे. दोन हा आकडा आणि गणितातला ‘ई’ (e) हा स्थिरांक यांचा उच्चार सोलमध्ये सारखाच होतो, त्यामुळे ‘दोनचा ई घात’ आणि ‘ईचा दोन घात’ कानाला एकच वाटतात. ग्यॉंगसांगमध्ये सुरांच्या चढउतारांवरून या दोन आणि ‘दोनचा दोन घात’ व ‘ईचा ई घात’ अशा चारही जोड्या वेगळ्या ओळखता येतात. पंधराव्या शतकातल्या हंगूल या कोरियन लिपीतल्या ग्रंथांत अक्षरांच्या डावीकडे ठिपके देऊन सूर दाखवत असत, आणि ‘हो-नाही’चे प्रश्न व ‘काय-कोण’चे प्रश्न वेगळ्या प्रत्ययांनी विचारण्याची रीतही त्या काळच्या भाषेत होती. म्हणूनच ज्या रूपांना अनेक जण गावंढळ समजतात, ती लिहून घेताना मला जुनी पोथी हाताळल्यासारखे वाटते. चार जोड्यांपैकी मला सध्या दोनच खात्रीने ओळखता येतात.

पुढचा टप्पा नामाने संपणाऱ्या प्रश्नांचा आहे, जिथे हाच भेद ‘गा’ आणि ‘गो’ या रूपांत येतो. मैत्रिणीने त्यासाठी तीस वाक्ये ध्वनिमुद्रित करून पाठवली आहेत, आणि त्यांतली पहिली दहा मी या आठवड्यात उतरवून घेतली.