साडेचार तासांचं लंडन

कोल्हापुरात स्टेशन रोडवर माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. हिवाळ्यात कागलचे एक काका-काकू लंडनची तिकिटं न्यायला आले. लेकीचं बाळंतपण होतं. काका एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं तिकीट हातात पडताच त्यांनी आधी वेळा वाचल्या. मुंबईहून दुपारी १:३०, लंडनला संध्याकाळी ६.

"साडेचारच तास? मग काय, हिचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकतो. रात्री आठला घेती ती, तवर लेकीच्या घरात असू."

मी हातातलं काम तसंच ठेवलं. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणजे विमानातच दहा तास. प्रवासाचे तास तिकिटावर छापलेले असतात, पण इतक्या बारीक अक्षरात की साठी ओलांडलेल्या माणसाला ते दिसावेत कसे? याचा मला खरंच राग येतो.

परतीचं तिकीट बघून काका आणखी चक्रावले. रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३०. "जाताना साडेचार, येताना साडेचौदा?" मग त्यांनी स्वतःच बेरीज केली. "एकोणीस. निम्मे साडेनऊ." अगदी बरोबर! जाऊन-येऊन घड्याळांचा फरक फिटतो. अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. तरी जाताना दहा आणि येताना नऊ तास, कारण उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो अंगावर येतो, येताना पाठीशी असतो.

आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई हवेतून जेमतेम ३१० किलोमीटर, तरी तिकिटावर तासभर धरतात, हेही सांगितलं. विमान जागेवरून हलल्यापासून परत जागेवर लागेपर्यंतचा वेळ त्यात असतो. "स्टँड ते स्टँड म्हणा की," काका म्हणाले.

मग कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, एक कागलच्या घड्याळाचा, दुसरा लंडनच्या. रात्री ८ ला घर सोडायचं, रात्रभर बस, साडेदहापर्यंत विमानतळ. कागलला रात्रीचे आठ वाजतील तेव्हा लंडनला दुपारचे अडीच, आणि विमान अजून हवेत. उतरतील तेव्हा आपल्याकडं साडेअकरा. लंडनचे आठ वाजायची वाट बघितली, तर इंजेक्शनला साडेपाच तास उशीर. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मला विमानातच घ्यावं लागंल?"

ते ठरवणं माझं काम नव्हे. कागद घेऊन त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. एवढं मात्र बजावलं, की इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं वापरता येत नाही. शिवाय बॅग हरवली तर परमुलखात धावाधाव.

दोन दिवसांनी काका परत आले. डॉक्टरांनी माझ्याच कागदावर लाल पेनानं वेळा आणि मात्रा लिहून दिल्या होत्या. "येतानाचाबी असाच करून द्या," काका म्हणाले. येताना दिवस साडेपाच तासांनी आखडतो, म्हणून तोही कागद लगेच बसून केला आणि डॉक्टरांकडं पाठवला.