बॅटरीचे पैसे कोण देणार?

२००७ साली उरणच्या बाजारात दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी, चुलतभाऊ आणि एक वेल्डर. सोलर हा शब्दही बोर्डावर नव्हता. एक दिवस घारापुरीचा एक खानावळवाला होडीतून बॅटरी घेऊन आला. आठवड्याने त्याचा शेजारी आला. मोरा बंदरावरून ते बेट रोज बघत होतो, पण तिथे वीज म्हणजे संध्याकाळी साधारण तीन तास पर्यटन महामंडळाचा जनरेटर, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. जनरेटर थांबला की यांच्या घरात चिमणी आणि समोर रात्रभर मुंबईचा लखलखाट.

दोन वर्षांनी बेटावरच्या शेतबंदर-मोराबंदर या वस्त्यांत पहिले चौदा सोलर होमलाइट बसवले, तेही हप्त्याने. धंदा खरा तिथे शिकलो. घारापुरीची माकडं पर्यटकांच्या हातातली बाटली पळवतात हे जगाला ठाऊक आहे, ती पॅनेलची वायरही सोलतात हे आम्हाला तिथे कळलं. मग सगळी वायर लोखंडी जीआय पाइपातून टाकली. खाऱ्या हवेने तीन महिन्यांत टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा यायचा. तो गरम पाण्याने धुवायचा आणि वर व्हॅसलीन लावायचं. पण बॅटऱ्या मेल्या त्या विहिरीच्या पाण्याने. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला की लोक विहिरीतलं भरायचे. पाणी ते पाणी!

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं. ३० टक्के अनुदान आणि शिवाय नाबार्डच्या मार्गाने बँकेचं ५ टक्के व्याजाचं कर्ज. कागदावर झकास. एका शाखेने अकरा प्रकरणं मंजूर केली, आम्ही माल लावून मोकळे झालो आणि अनुदान यायला आठ महिने लागले. तेवढ्यात होलसेलरने आमची उधारी बंद केली. तेव्हापासून एक शिकलो: सरकारी पैसा येतो, पण तो येईपर्यंत प्रकल्पाला पैसा कोण लावतो, तर दुकानदार.

मग २०१४ च्या एप्रिलपासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. पुढच्या वर्षी एका कंपनीने आमच्याकडून बेटावर बत्तीस घरांचं काम करून घेतलं. पैसे वेळेवर दिले, हे मान्य करायला हवं. उद्घाटनाला लाँच भरून पाहुणे आले. फलक पॅनेलपेक्षा मोठा होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक बॅटरी बंद पडायला लागली. कंपनीत फोन केला, तर ‘तो प्रकल्प क्लोज झालाय’. ज्या साहेबांनी काम दिलं ते बदलून गेले होते. लोक कंपनीला ओळखत नव्हते, मला ओळखत होते. बाजारात मासळी घ्यायला गेलो तरी कुणीतरी हाक मारायचं, "भाऊ, दिवा कधी लावताय?" नऊ बॅटऱ्या स्वतःच्या खिशातून बदलल्या, मग हात टेकले.

२०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल घारापुरीला पोचली. त्या दिवशी मीही होडीने गेलो होतो. लोकांचा आनंद बघून बरं वाटलं आणि परत येताना आपलं बेटावरचं गिऱ्हाईक संपलं हेही कळत होतं.

त्याच हिवाळ्यात मी सुंदरबनला जाऊन आलो. सागर बेटावर कमलपूरला १९९६ साली २६ किलोवॉटचं सौर केंद्र झालं होतं. पुढे तिथेही ग्रिड पोचलं, त्यामुळे मला यंत्र बघायचंच नव्हतं. मला बघायची होती वसुली. वीज घेणाऱ्यांची सहकारी संस्था, दरमहा ठरलेली रक्कम, पावती. मोडक्या हिंदीत दोन दिवस फक्त हेच विचारत फिरलो, की पैसे कोण गोळा करतं आणि न देणाऱ्याचं काय करता.

हे सगळं घेऊन २०२१ साली आम्ही नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेकाठच्या धडगाव तालुक्यात गेलो. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. फुगवट्यात काही टेकड्यांची बेटंच झालीत. होडीशिवाय वाट नाही. एका पाड्यावर सत्तावीस घरं. वर चढून न्यायचं म्हणून लिथियम बॅटऱ्या घेतल्या. महाग, पण वजन निम्म्याहून कमी आणि पाणी घालायची भानगड नाही.

पैशाची बांधणी मात्र उलटी केली. त्याच वर्षी सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या त्या समाजकार्याच्या पैशाचे नियम बदलले होते. या पैशातून झालेली मालमत्ता लाभार्थ्यांच्या गटाच्या नावावर ठेवता येते. म्हणून सगळं सामान बचत गटाच्या नावावर केलं, आमच्या किंवा कुठल्या संस्थेच्या नाही. एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला पहिलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. मी पैसे देणाऱ्या कंपनीला म्हटलं, आमच्या बिलातले १० टक्के रोखून धरा आणि दर तिमाहीला आम्ही पाड्यावर जाऊन आल्याची गटाची सही बघून द्या. अकाउंटवाल्या बाई दोनदा मेल वाचून फोनवर म्हणाल्या, स्वतःचे पैसे अडकवा म्हणणारा सप्लायर पहिल्यांदा बघतेय. आणि घरटी ५०० रुपये सुरुवातीला, मग महिन्याला १००, ते गटाच्या खात्यात. त्यातला रुपयाही आम्हाला नाही. ते पैसे बॅटरीचे.

वसुली सरळ झाली असं नाही. रोजगारासाठी माणसं गुजरातला गेली की चार-चार महिने हप्ता बंद. गटाने दंड लावायचं ठरवलं, मग स्वतःच रद्द केलं. होळीला माणसं परतली की मागचं एकदम भरायचं, असा त्यांचा त्यांनी नियम केला. मला तो सुचला नसता.

कंपनीची मुदत यंदा मार्चमध्ये संपली. मागच्या महिन्यात पाच बॅटऱ्या बंद पडल्या. गटाच्या अध्यक्षा ताईंचा फोन आला. खात्यात ९८ हजार आहेत म्हणाल्या, कोटेशन पाठवा. पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, शहाद्याच्या दुकानाचा भाव तुमच्यापेक्षा कमी आहे. आता काय करता?"

बॅटरीमागे साडेचारशे रुपये उतरवले. ऑर्डर मिळाली.