वरची चौकट

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. सत्तेला ना वजन, ना आकार, ना उंची. तरी तिचा विचार आला की मन तिला वरच्या बाजूला का बसवतं? आदेश वरून येतात, माणसं हाताखाली असतात. ही नुसती बोलण्याची रीत म्हणून सोडून देता आली असती. पण 1980 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी मांडलं, की अमूर्त गोष्टींचा विचारच आपण शरीराच्या आणि जागेच्या अनुभवातून करतो.

मानसशास्त्रज्ञ थॉमस शुबर्ट यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग तर मनातून जातच नाहीत. पडद्यावर दोन शब्द, एकाखाली एक. समजा, मालक आणि नोकर. सत्ता कोणाकडे, ते पटकन सांगायचं. सत्तावान वर असला की उत्तर लवकर यायचं, खाली असला की रेंगाळायचं. फरक क्षणाच्या तुकड्याएवढाच. पण मालक कोण हे कोणाला माहीत नसतं? उत्तर ठाऊक असूनही मन जागेपाशी अडखळतं, हे मला विलक्षण वाटतं.

2007 मध्ये स्टेफन गिसनर आणि शुबर्ट यांनी संस्थेच्या रचनेची आकृती वापरली. प्रमुखाला खालच्यांशी जोडणारी उभी रेघ लांब केली, की लोकांना तो प्रमुख जास्त सत्तावान वाटायचा. संध्याकाळी मीही कागदावर काढून पाहिलं. वर एक चौकट, खाली एका ओळीत चार. मग दुसऱ्या कागदावर तेच, फक्त रेघ बोटभर जास्त. ना नाव, ना हुद्दा, ना स्वभाव. तरी दुसऱ्या कागदावरच्या त्या रिकाम्या चौकटीचा मला जास्त वचक वाटला!

याचं मूळ बालपणात असावं, असं मला वाटतं. तेव्हा उचलून घेणारे, अडवणारे, दार उघडणारे सगळेच आपल्यापेक्षा उंच. मान वर केल्याशिवाय काही मागताच येत नाही.

मला काळजी वाटते ती खालच्या चौकटींतल्या माणसांची. त्यांचं म्हणणं ऐकण्याआधीच त्यांची जागा बोलून गेलेली असते. उद्या आमच्या गटाची आकृती काढायची आहे. चौकटी शेजारी शेजारी मांडणार आहे. कोणाची जबाबदारी काय, ते प्रत्येकीत लिहिलं की पुरे.